जाड अक्षर आणि आपली भिंत

(मुलुंड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

महागाई, घरभाडे, पाणी अशा विषयांवर आपण सकाळपासून चर्चा करीत आहोत. अशा दिवशी संध्याकाळच्या सत्रात अक्षरांच्या जाडीवर व्याख्यान ठेवणे हे संयोजकांचे धाडसच म्हटले पाहिजे. मघाशी चहाच्या वेळी एका तरुण साथीने मला स्पष्टच विचारले, ‘काका, अक्षरात बोलण्यासारखे एवढे काय आहे? मजकूर फोनवरून पाठवला की फ्लेक्सवाला संध्याकाळपर्यंत करून देतो.’ प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो विचारल्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. आज मी जे बोलणार आहे ते त्यालाच उत्तर म्हणून.

आत येताना आपण सर्वांनी फाटकावरचा फलक पाहिला असेल. निदान पाहिला असावा अशी आशा आहे. मी रस्त्याच्या पलीकडे, बसथांब्यावर उभा राहून तो वाचण्याचा प्रयत्न केला. इंग्रजीतला वार आणि वेळ तिथून स्वच्छ वाचता आली. ‘विद्यार्थी’ हा शब्द मात्र वाचता आला नाही. द आणि य यांचे जोडाक्षर फुटून द पाय मोडून उभा होता, थ वरची वेलांटी आणि रफार एकमेकांत मिसळून एक काळा डाग झाला होता, आणि त्या डागावर फ्लेक्सवाल्याने स्वखुशीने सोनेरी सावली चढवली होती. ज्यांना आपण बोलावत होतो त्यांचेच नाव आपल्या फलकावर वाचता येत नव्हते. यात फ्लेक्सवाल्याचा दोष थोडा आहे. त्याला काय हवे हे आपण सांगितलेच नाही, कारण आपल्यालाही ते ठाऊक नव्हते.

ज्याला मी जाड अक्षर म्हणतो ते कोणते, हे आधी सांगतो. छापील अक्षरांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एक वर्ग पुस्तकाच्या पानावरचा. ते अक्षर तासन्‌तास वाचायचे असते आणि वाचताना त्याने स्वतःकडे लक्ष वेधू नये अशी अपेक्षा असते. दुसरा वर्ग पाटीचा, मथळ्याचा, भित्तिपत्रकाचा. हे अक्षर चार-दोन शब्दांपुरते, पण लांबून आणि चालता चालता वाचायचे असते. या दुसऱ्या वर्गातच एक घराणे असे आहे की ज्यात बोरूचा किंवा टाकाचा मोह सोडून दिलेला असतो. वर्तुळ, सरळ दांडी आणि आडवी रेघ, एवढ्यावर अक्षर उभे राहते आणि रेषेची जाडी सगळीकडे सारखी दिसते. यालाच भौमितिक अक्षर म्हणतात. ते भरपूर जाड केले म्हणजे आपल्या कामाचे होते.

माझी त्याच्याशी ओळख पुस्तकातून झाली नाही, घाटकोपरच्या भिंतींवर झाली. १९७३-७४ चा तो काळ. महागाईविरोधी आंदोलन जोरात होते. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर येत होत्या. आम्ही पोरे पुठ्ठ्याचे फलक आणि भिंती रंगवण्याच्या कामाला होतो. आमच्यात एक बोर्ड रंगवणारा पेंटर होता. दिवसा दुकानांच्या पाट्या करी आणि रात्री आमच्याबरोबर येई. त्याने मला पहिल्या रात्री कुंचल्याला हातही लावू दिला नाही. चुन्याची दोरी धरायला लावले. दोघांनी दोन टोके ताणून धरायची, मध्ये चिमटीत पकडून सोडायची, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. अशा तीन रेघा. वरच्या दोहोंमधली पट्टी ही शिरोरेघ, तिसरी अक्षराचा तळ. ‘शिरोरेघ आधी, अक्षर मग,’ असे तो म्हणे. पट्टी एकदा रंगवून झाली की तिच्याखाली अक्षरे टांगत जायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी.

पण तो खरा कसबी दिसायचा तो अक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागेत. आम्ही शिकाऊ पोरे काळ्या रेषेकडे बघत असू, तो पांढऱ्या जागेकडे बघे. व च्या पोटात किती पांढरे उरले, क च्या दोन कानांत किती, म च्या गाठीपाशी किती. रेषा जाड करायची म्हणजे ही पांढरी जागा खायची. ती सगळीकडे सारख्या प्रमाणात खाल्ली नाही तर शब्द डागाळतो. ‘पाणी’ हा शब्द सोपा, नुसती दांड्यांची रांग, तीत दांडी आणि दांडी यांच्यातले अंतर सांभाळले की झाले. ‘महागाई’ मध्ये ह येतो, ई येते. त्या दोघांच्या वळणांना जाडी सोसत नाही. आणि ‘संघर्ष’! अनुस्वार, रफार, आणि घ-ष यांची पोटे. आम्ही आयुष्यभर ‘संघर्ष’ लिहीत आलो आणि आमच्यापैकी निम्म्यांनी तो शब्द नेहमीच वाईट लिहिला.

पुढे मी काही वर्षे छापखान्यात होतो, जुळारी म्हणून. तिथे हाच प्रश्न शिशाच्या आणि लाकडाच्या खिळ्यांत भेटला. भित्तिपत्रकासाठी लागणारे मोठे अक्षर शिशात ओतणे महाग आणि जड, म्हणून ते लाकडात कोरलेले असे. रोमन लिपीच्या छापखान्यात मोठ्या अक्षरांचा एक संच म्हणजे सव्वीस कॅपिटल अक्षरे, दहा आकडे आणि थोडी विरामचिन्हे. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे. इतके सगळे कोरून घेणे कोणत्या मालकाला परवडणार? मग मथळ्यांच्या जाड अक्षरांचे एक-दोन संचच असत, आणि लग्नपत्रिकेपासून संपाच्या पत्रकापर्यंत त्यांनाच जुंपले जाई. लाकडातला ‘ष्ट्र’ झिजला की महिनोन्‌महिने महाराष्ट्र झिजलेलाच छापला जाई. हे मी विनोदाने सांगत नाही.

मुंबईत देवनागरी खिळ्यांची परंपरा मोठी आहे. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि राणोजी रावजी आरू यांनी त्यासाठी घडवलेल्या अक्षरांनी पुढच्या कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांना देवनागरी कशी असावी हे शिकवले. परंतु ती पोथीच्या आणि पुस्तकाच्या वळणाची अक्षरे होती. रस्त्यावरचे अक्षर हा त्या परंपरेच्या दृष्टीने दुय्यम विषय राहिला. तो सांभाळला पेंटरांनी आणि वृत्तपत्रांच्या चित्रशाखेतल्या माणसांनी.

युरोपात याच गरजेतून जे झाले त्याची हकीकत आपल्या दृष्टीने बोधक आहे. १९२७ साली जर्मनीत पाउल रेनर यांनी ‘फ्युच्युरा’ नावाचे अक्षर तयार केले. फ्रँकफुर्टच्या बाउअर टंकशाळेने ते ओतले. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, त्यावर उभे राहिलेले, सर्व अलंकार टाकून दिलेले अक्षर. त्याच वर्षी रेनर म्युनिकच्या मुद्रकांच्या विद्यालयाचे प्रमुख झाले. नव्या काळासाठी, यंत्रावर काम करणाऱ्या माणसासाठी अक्षरही नवे हवे, अशी त्या पिढीची धारणा होती. बाउहाउसमध्ये हर्बर्ट बायर कॅपिटल अक्षरेच रद्द करण्याच्या खटपटीत होते. तिकडे रशियात रोदचेन्को भित्तिपत्रकांवर ठोकळ्यासारखी अक्षरे मांडत होते. १९३२ मध्ये रेनर यांनी नाझींच्या कलाविषयक प्रचाराचा समाचार घेणारी पुस्तिका लिहिली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच त्यांना अटक झाली आणि पुढे पदावरून दूर करण्यात आले. नाझींना राष्ट्राचे अक्षर म्हणून जुने गॉथिक वळण प्रिय होते. पण गंमत अशी की १९४१ च्या जानेवारीत त्याच राजवटीने एका परिपत्रकाने ते गॉथिक वळण ‘ज्यू अक्षर’ ठरवून बंद केले. जिंकलेल्या देशांना ते वाचता येत नव्हते, हे त्यामागचे एक व्यावहारिक कारण. राष्ट्राचा आत्मा म्हणून मिरवलेले अक्षर एका रात्रीत शत्रूचे झाले!

आणि फ्युच्युराचे काय झाले? १९६९ साली अपोलो ११ च्या यात्रिकांनी चंद्रावर जी धातूची पाटी ठेवली तिच्यावरील मजकूर याच अक्षरात आहे. मोटारींच्या, साबणांच्या, अत्तरांच्या जाहिराती त्यात झाल्या. ज्या माणसाला बोल्शेविक ठरवून हाकलले त्याचे अक्षर भांडवलदारांच्या जाहिरात कंपन्यांनी डोक्यावर घेतले. तेव्हा अमुक एक वळण पुरोगामी, अमुक प्रतिगामी, असा सोपा हिशेब मी तरी मांडणार नाही.

आता एक गोष्ट तांत्रिक आहे, पण ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. भौमितिक म्हणवणारे चांगले अक्षर खरे पाहता भौमितिक नसते. परकार घेऊन काढलेले नेमके वर्तुळ शेजारच्या दांडीपेक्षा लहान दिसते, म्हणून ते तळरेषेच्या किंचित खाली उतरवावे लागते. आडवी रेघ उभ्या रेघेइतकीच जाड काढली तर ती अधिक जाड दिसते, म्हणून ती थोडी बारीक करावी लागते. दोन रेषा जिथे मिळतात तिथे काळे साचते, तिथे रेषेला अंग चोरायला लावावे लागते. रेनर यांनी हे सगळे केले. आमचा घाटकोपरचा पेंटर, ज्याने रेनर यांचे नावही ऐकले नव्हते, तोही हेच करीत असे. फरक एवढाच की देवनागरीत ही आडवी रेघ प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आहे. शिरोरेघ जाड केली तर सबंध शब्द वरून दडपल्यासारखा होतो; बारीक ठेवली तर अक्षरे दोरा तुटलेल्या मण्यांसारखी सुटी पडतात. शिवाय वर मात्रा, रफार, अनुस्वार यांचा एक मजला आणि खाली उकार, रकार यांचा दुसरा. रोमन लिपीत घोषणा संपूर्ण कॅपिटल अक्षरांत लावून दोन ओळी एकमेकींना चिकटवता येतात. आपल्याला ती सोय नाही. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो.

या अडचणींवर मुंबईतच काम झाले, आणि बरेचसे आपल्या उपनगरांत झाले, हे आपल्यापैकी थोड्यांना माहीत असेल. आपण आज ज्या मुलुंडमध्ये बसलो आहोत तिथेच कमल शेडगे राहत होते. २०२० च्या जुलैत, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी ते गेले. टाइम्स समूहाच्या चित्रशाखेत त्यांची हयात गेली. मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींत शीर्षक कसे मांडावे याची रीतच त्यांनी घालून दिली. नाटक न पाहताही त्याची प्रकृती त्या चार इंचांच्या जागेतून कळे. त्यांची अक्षरे प्रत्येक वेळी नव्याने काढलेली असत. तो टंक नव्हे, तो हात. म्हणूनच त्यांची नक्कल करणारे पुष्कळ झाले आणि ते सगळे फसले.

पवईच्या आय.आय.टी.मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात र. कृ. जोशी यांनी अनेक वर्षे शिकवले. जाहिरात क्षेत्रातून आलेला हा माणूस शिलालेखांपासून संगणकापर्यंत भारतीय लिप्यांचा विचार करी. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीबरोबर घरोघरच्या संगणकात आलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचा. २००८ साली ते निवर्तले. त्या केंद्रात आणि त्याच्या अवतीभवती देवनागरी अक्षराचा गांभीर्याने अभ्यास करणारी एक पिढी तयार झाली.

त्या पिढीतल्या मंडळींनी मुंबईत ‘एक टाईप’ या नावाने काम सुरू केले. सारंग कुळकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा ‘मोदक’ हा टंक तुम्ही नावाने ओळखत नसाल, पण पाहिला नक्कीच असेल. नावाप्रमाणेच तो फुगलेला आहे. देवनागरी अक्षर किती जाड करता येईल याची जणू त्याने हद्द गाठली आहे. अक्षराच्या पोटातली पोकळी जवळजवळ मिटवून तिथे केवळ एक पांढरी चीर ठेवली आहे. आणि आश्चर्य हे की अक्षर वाचता येते! आमचा पेंटर म्हणायचा तेच खरे ठरते. वाचणारा डोळा काळ्यापेक्षा पांढऱ्याचा आधार घेतो. त्याच मंडळींचा ‘बलू’ हा थोडा सौम्य, गोलसर आणि जाड टंक अनेक भारतीय लिप्यांत आहे. त्यातल्या प्रत्येक भावंडाचे नाव त्या त्या भाषेतल्या भावावरून ठेवले आहे. गुजरातीत भाई, पंजाबीत पाजी, बंगालीत दा, तमिळमध्ये तंबी, तेलुगूत तम्मुडू, मल्याळममध्ये चेट्टन, उर्दूत भाईजान. ज्या अंधेरी-घाटकोपरमध्ये एकाच गल्लीत चार लिप्यांच्या पाट्या लागतात, तिथे एका घोषणेची चार भाषांतली पत्रके एका कुटुंबातली दिसावीत, ही सोय आपल्याला याआधी कधीच नव्हती. राष्ट्रीय एकात्मतेवरील भाषणांपेक्षा मला ही नावे अधिक पटली.

काटेकोर अर्थाने भौमितिक असा देवनागरी टंक पाहायचा असेल तर अहमदाबादच्या इंडियन टाईप फाउंड्रीचा २०१४ च्या सुमाराचा ‘पॉपिन्स’ पाहावा. त्यातली देवनागरी निनाद काळे यांनी केली आहे. केसासारख्या बारीक वजनापासून अतिजाडापर्यंत नऊ वजने त्यात आहेत. मला त्यातले सर्वांत जाड वजन मथळ्यासाठी आवडते. मधली वजने आज प्रत्येक नवश्रीमंत गृहसंकुलाच्या जाहिरातीत दिसू लागल्याने त्यांच्याविषयी माझे मन थोडे विटले आहे. पण तो अक्षराचा दोष नव्हे.

आता मुद्द्याची गोष्ट. ही सारी अक्षरे मुक्त परवान्याखाली दिलेली आहेत. कोणीही ती फुकट वापरावीत, छापावीत, दुसऱ्याला द्यावीत, त्यांत बदलही करावेत. बदललेली प्रत मात्र त्याच परवान्याखाली इतरांना मोकळी ठेवावी, आणि अक्षरसंच नुसता सुटा विकू नये. साथींनो, सामायिक मालकीवर आपण पुष्कळ लिहितो. इथे ती प्रत्यक्षात आहे आणि आपण तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही! आपल्या शाखांची पत्रके अजून चोरून आणलेल्या, जुन्या संकेतांच्या टंकांत होतात. एका यंत्रावरचा मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की त्याचे भेंडोळे होते, मग कोणीतरी रात्री जागून तो पुन्हा टंकलिखित करतो. बहुतेक वेळा शाखेतली एखादी मुलगीच, आणि तिचे कोणी आभारही मानीत नाही.

याला एक दुसरी बाजू आहे, ती मी लपवणार नाही. हे मुक्त टंक जगभर पोचले ते गूगलच्या संग्रहातून. आपल्या लिपीचा सार्वजनिक ठेवा एका अमेरिकन महामंडळाच्या कोठारात असावा, हे मला खटकते. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा, यशोवेणू यांसारखे टंक मोफत दिले, हे चांगले झाले. पण कोणत्याही महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात जाऊन भिंतीवरच्या सूचना पाहा, ते टंक तिथपर्यंत पोचलेत का. परवान्यातली एक गोष्ट मात्र समाधानाची आहे. एकदा मोकळे केलेले अक्षर परत कुलपात घालता येत नाही. कोठार उद्या बंद पडले तरी आपल्याकडची प्रत आपली.

दुकानांच्या पाट्यांचा प्रश्न याच्याशी थेट जोडलेला आहे. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरे आधी यावीत आणि ती इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असा नियम आहे. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर आमच्या भागातल्या पाट्या भराभर बदलल्या. मी फिरून पाहिल्या. नियमात आकार आहे, जाडी नाही! इंग्रजी नाव जाड, भौमितिक, प्रकाशमान. त्यावर मराठी नाव तितक्याच उंचीचे, पण काडीसारख्या बारीक अक्षरात आणि पार्श्वभूमीच्याच रंगाच्या जवळच्या रंगात. कायदा पाळला, हेतू बुडवला. शिवाय संगणकात दोन्ही लिप्यांना एकच मापांक दिला तरी देवनागरी लहान दिसते, कारण त्याच मापात तिला वरच्या आणि खालच्या चिन्हांची जागा काढून ठेवावी लागते. ज्याने फक्त आकडा तपासला त्याची फसगत होणारच.

मी भाषिक दुरभिमानाने हे बोलत नाही. काचा फोडणाऱ्यांच्या रांगेत मला उभे करू नका. दुकानात काम करणारी मुलगी, सामान पोचवणारा पोऱ्या, औषधाचे नाव शोधणारी म्हातारी, यांना पाटी रस्त्यावरून वाचता आली पाहिजे, इतकेच माझे म्हणणे. पाटी ही भिंत असली तरी ती रस्त्याची आहे.

त्यातच ल आणि श यांचा एक लहानसा, पण चिवट प्रश्न आहे. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श, हे शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात आहे आणि १० नोव्हेंबर २०२२ च्या सुधारित निर्णयातही लिपीची मानके दिलेली आहेत. काही चांगल्या टंकांत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही रूपे आत ठेवलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे, असे यंत्राला सांगितले की पाकळीचा ल येतो. सांगायचे कोणी? कोणी सांगत नाही, आणि मुलुंडची पाटी हिंदी ल ने सजते. जाड अक्षरात पाकळीचा ल काढणे अधिक अवघड आहे, हेही खरे. दोन पाकळ्यांच्या मध्ये पांढरे राखायला जागा लागते. पण अवघड आहे म्हणून सोडून द्यायचे असते तर आपण पक्षातच कशाला आलो असतो?

आता फ्लेक्सबद्दल. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्यानंतर भिंत रंगवणे जवळजवळ संपले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्याची भिंत आम्ही न विचारता रंगवत होतो हे कबूल केले पाहिजे. पण भिंत गेली, कुंचला गेला, आणि त्या जागी वाढदिवसांचे फ्लेक्स आले. नेत्याचा चेहरा आठ फूट, त्याच्याभोवती पंचवीस पासपोर्ट छायाचित्रे, आणि मजकूर शेवटी उरलेल्या पट्टीत. अक्षर हे तिथे चेहऱ्याचे नोकर झाले. मोठेपणाची ही हाव कुठवर जाते, ते १३ मे २०२४ रोजी घाटकोपरने पाहिले. १२० फूट उंच आणि तितकाच रुंद जाहिरातफलक, जिथे मर्यादा ४० फुटांची होती, वादळात पेट्रोल पंपावर कोसळला आणि सतरा माणसे मेली. त्या रात्री मी तिथे होतो. पत्र्याखाली कोण आहे ते कळत नव्हते आणि पावसात लोक नावे घेऊन हाका मारत होते. त्याविषयी अधिक बोलणे मला जमत नाही.

मघाच्या तरुण साथीला मी इतकेच म्हणेन की अक्षर जाड असावे, फलक मोठा असण्याची गरज नाही. तीन फुटांच्या कापडावर चार शब्द चांगल्या जाड अक्षरात लिहिले तर ते रस्त्यापलीकडून वाचता येतात. आपण चाळीस शब्द घालतो. प्रत्येक उपाध्यक्षाचे नाव त्यात यावे असा आग्रह धरतो आणि मग सगळेच शब्द जाड करतो. पाच माणसे एकदम ओरडली तर काय ऐकू येणार? मथळ्याचे चार शब्द जाड, आणि तारीख, वेळ, स्थळ ही साध्या वाचनीय अक्षरात. गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांचा ‘मुक्त’ हा टंक यासाठी उत्तम आहे, आणि तोही मोफत. सोनेरी सावली नको. इंद्रधनुष्य नको. काळ्यावर पांढरे किंवा पिवळ्यावर काळे. रेल्वे स्थानकांच्या पाट्या इतकी वर्षे हेच शिकवीत आहेत.

एक आक्षेप मला इथेच ऐकू येतो, कारण तो माझ्याच मनात आहे. संगणकातल्या अक्षरांची एवढी तरफदारी करणाऱ्याने पेंटरांचे काय झाले ते सांगावे. सांगतो. आमचा तो पेंटर फ्लेक्स आल्यावर तीन वर्षांत बेकार झाला. नंतर तो बोरिवलीत एका इमारतीच्या फाटकावर पहारेकरी होता. इमारतीत कुणाची सभा असली की सूचनाफलकावर खडूने मजकूर तो लिहायचा, आणि सभासद त्या फलकाचे फोटो काढायचे. संघटित कामगारांच्या छाटणीवर आपण मोर्चे काढले. या हजारो सुट्या कारागिरांच्या छाटणीची नोंदही कुठे झाली नाही, आपल्याकडेसुद्धा नाही. टंकाने त्यांचे काम घेतले असे मी म्हणणार नाही. काम घेतले ते स्वस्त प्लास्टिकने आणि आपल्या निष्काळजी घाईने. तरी पण पैसा बचत होतो म्हणून आपणही त्या प्लास्टिककडे गेलो, ही गोष्ट आपल्या हिशेबात मांडली पाहिजे.

म्हणून माझी सूचना दोन प्रकारची आहे. पत्रक आणि छापील फलक यांसाठी प्रत्येक शाखेने मुक्त टंक आपल्या संगणकात घालून घ्यावेत आणि मजकुराची भाषा मराठी लावायला शिकावे. ते अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ते त्या रात्री जागणाऱ्या मुलीवरच टाकू नये. मोर्चाचे कापडी फलक मात्र हाताने रंगवावेत. आपल्या भागात अजून दोन-तीन पेंटर हयात आहेत. त्यांना रीतसर मजुरी द्यावी, चहावर बोळवण करू नये, आणि त्यांच्याबरोबर दोन तरुणांना बसवावे. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता याच सभागृहाच्या मागच्या अंगणात त्यांच्यापैकी एकजण येणार आहेत. कापड आणि रंग मी आणतो. येताना प्रत्येकाने जुनी विजार घालून यावे, आणि चुन्याची दोरी धरायला दोन माणसे लवकर यावीत.